युद्धकाळातलं भाषण कसं वाचावं: देशप्रेम, 'आपण' आणि काठावरची माणसं

६ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानचे अध्यक्ष फील्ड मार्शल अयूब खान रेडिओवर बोलले. पाकिस्तानच्या दहा कोटी लोकांच्या हृदयात कलम्याचा, म्हणजे इस्लामच्या श्रद्धावचनाचा, नाद घुमतो आहे आणि भारताच्या तोफा कायमच्या गप्प होईपर्यंत हे लोक स्वस्थ बसणार नाहीत, असं ते म्हणाले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला, युद्धबंदीनंतर तीन दिवसांनी, लालबहादूर शास्त्री दिल्लीच्या रामलीला मैदानावर उभे राहिले. शास्त्री हिंदू आहेत म्हणून ते पाकिस्तानशी लढायला तयार झाले, असं बीबीसीने म्हटल्याचा उल्लेख त्यांनी केला. मग ते म्हणाले, मी हिंदू आहे यात शंका नाही. पण या सभेचे अध्यक्ष मीर मुश्ताक मुसलमान आहेत, माझ्याआधी बोललेले फ्रँक अँथनी ख्रिस्ती आहेत, इथे शीख आहेत, पारशी आहेत.

युद्ध एकच आणि दोन भाषणांत अंतर फक्त वीस दिवसांचं. तरी देश म्हणजे कोण, या प्रश्नाची त्यांतली उत्तरं अगदी वेगळी आहेत. युद्धातली राजकीय भाषणं वाचायची ती याच प्रश्नासाठी, असं माझं ठाम मत आहे. राज्यशास्त्राचे आणि इतिहासाचे विद्यार्थी, शिक्षक, पत्रकारितेत नव्याने आलेले, वक्तृत्व स्पर्धेसाठी जुनी भाषणं धुंडाळणारे अशा सगळ्यांना वापरता येईल अशी वाचनाची एक पद्धत पुढे देतो आहे. तिचं मुख्य सूत्र असं: भाषणातलं देशप्रेम आवेशावरून ठरवू नका. वक्त्याने 'आपण'ची सीमा कुठे आखली ते शोधा आणि त्या सीमेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांचं पुढे काय झालं ते तपासा.

पायरी १: पूर्ण भाषण मिळवा

गाजलेल्या ओळींवर विसंबू नका. ४ जून १९४० चं चर्चिल यांचं भाषण बहुतेकांना 'आम्ही किनाऱ्यांवर लढू, शरण कधीच जाणार नाही' एवढंच माहीत असतं. पण ते वाक्य तिथे संपत नाही. पुढे चर्चिल म्हणतात की हे बेट जिंकलं गेलं, उपासमारीला लागलं, तरी समुद्रापलीकडचं आमचं साम्राज्य ब्रिटिश आरमाराच्या पहाऱ्यात लढा चालू ठेवेल आणि योग्य वेळी नवं जग, म्हणजे अमेरिका, जुन्याच्या सुटकेला धावून येईल. साम्राज्याचा हा अर्धा भाग गाळला की भाषण एका छोट्या, एकाकी बेटाचं होतं. तो वाचला की आपला भारतही त्या वाक्यात न विचारता ओढला गेला आहे, हे दिसतं.

ब्रिटिश संसदेची भाषणं 'हॅन्सार्ड'मध्ये आणि लोकसभेची 'लोकसभा वादविवाद'मध्ये मिळतात. दोन्ही संग्रह इंटरनेटवर मोफत खुले आहेत. आपल्या पंतप्रधानांची निवडक भाषणं केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने पुस्तकरूपाने काढली आहेत आणि जिल्हा ग्रंथालयांत किंवा जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती सापडतात. भाषण मुळात कोणत्या भाषेत झालं याची नोंद सुरुवातीलाच करा. रामलीला मैदानावर शास्त्री जमलेल्या लोकांशी हिंदीत बोलले, पण आज आपल्या हाती येतो तो बहुधा इंग्रजी अनुवाद. अनुवादावर अभ्यास करायला हरकत नाही. मात्र शब्दाशब्दावर भार देणारे निष्कर्ष त्यावरून काढू नयेत.

पायरी २: त्या दिवशीची युद्धस्थिती मांडा

कोऱ्या कागदावर भाषणाची तारीख लिहा. खाली तीन ओळी: कालपर्यंत काय घडलं होतं, वक्त्याला काय ठाऊक होतं, श्रोत्यांना काय ठाऊक होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत जेवढी तफावत, तेवढं भाषण सावधपणे वाचावं लागतं.

अयूब खान यांच्या भाषणाच्या दिवशी पहाटे भारतीय फौजांनी लाहोर आघाडीवर आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली होती. श्रोत्यांसमोर ठळकपणे आलं ते हे. त्याआधी ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले गेले होते आणि १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे जम्मूजवळच्या छांबमध्ये शिरले होते. घुसखोरांशी आपला संबंध पाकिस्तान सरकार नाकारत होतं. त्यामुळे ६ सप्टेंबरला रेडिओसमोर बसलेल्या सामान्य पाकिस्तानी माणसाला युद्ध आकाशातून कोसळल्यासारखं वाटलं. त्याचा संताप खरा होता, फक्त त्याच्यासमोर घटनाक्रमाचा शेवटचा तुकडाच ठेवला गेला होता.

तुलना करताना एक पथ्य पाळायला हवं. अयूब यांचं भाषण युद्ध पेटलं त्या दिवसाचं आहे आणि शास्त्रींचं तोफा थांबल्यानंतरचं. समंजसपणाला तीन आठवड्यांनी जास्त जागा असते. म्हणून दोघांच्या स्वरातल्या फरकाला फार महत्त्व न देता, दोघांनी देशाची जी व्याख्या केली तिच्यातला फरक बघावा. व्याख्या घाईतही बदलत नाही. उलट, घाईत ती जास्त स्पष्टपणे बाहेर येते.

पायरी ३: कोणासमोर, कशावरून

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण ही पायरी चुकवूही नका. चर्चिल यांचं ४ जूनचं भाषण हाऊस ऑफ कॉमन्समध्ये झालं. तिथे ध्वनिमुद्रण होत नसे. त्या रात्री रेडिओवर लोकांनी त्याचे उतारे ऐकले ते वृत्तनिवेदकाच्या आवाजात. आज सर्वत्र वाजतं ते चर्चिल यांनी १९४९ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण आहे. म्हणजे 'त्या आवाजाने त्या रात्री देश पेटून उठला' हे विधान कोणत्याही निबंधात लिहू नये.

हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने १८ फेब्रुवारी १९४३ ला बर्लिनच्या श्पोर्टपालास्ट या सभागृहात विचारलं, 'तुम्हाला संपूर्ण युद्ध हवं आहे का?' आणि सभागृह होकाराने दणाणलं. ते श्रोते निवडून बसवलेले होते. टाळ्यांवरून राष्ट्राचं मन सांगणाऱ्याने आधी निमंत्रणं कोणाला गेली होती हे विचारावं. १५ ऑगस्ट १९४५ च्या दुपारी जपानी लोकांनी आपल्या सम्राटाचा आवाज प्रथमच रेडिओवर ऐकला. पण भाषा इतकी जुनी आणि दरबारी होती की अनेकांना देश शरण गेला हे नंतर निवेदकाने समजावून सांगितल्यावर कळलं.

पायरी ४: 'आपण'खाली रेघ ओढा

हे या पद्धतीचं काळीज आहे. यासाठी शांतपणे बसून दोन वेळा वाचन करावं लागतं.

पहिल्या वाचनात 'आपण', 'आम्ही', 'आपला देश', 'जनता' असे सगळे शब्द अधोरेखित करा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक रेघेशेजारी समासात लिहा, की इथे नेमके कोण अभिप्रेत आहेत: सरकार, सैन्य, ऐकणारे नागरिक, एखाद्या धर्माचे किंवा भाषेचे लोक, की होऊन गेलेल्या पिढ्या? एकाच परिच्छेदात हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो आणि श्रोत्याच्या ते लक्षातही येत नाही. 'आम्ही निर्णय घेतला' मधले 'आम्ही' म्हणजे मंत्रिमंडळ आणि 'आपण किंमत मोजू' मधले 'आपण' म्हणजे शेतकऱ्याचा मुलगा. जिथे अर्थ असा सरकतो तिथे समासात फुली मारा. भाषणाचं खरं काम अशाच जागी होत असतं.

आता अयूब यांच्या वाक्याकडे परत या. दहा कोटी लोकांच्या हृदयात कलमा. दहा कोटी ही पाकिस्तानची सगळी लोकसंख्या होती. तिच्यात पूर्व पाकिस्तानातले हिंदू होते, म्हणजे तिथल्या जवळपास दर पाच माणसांतला एक. पंजाबात आणि कराचीत ख्रिस्ती होते, पारशी होते. वाक्याने त्यांना मोजलं, पण त्यांच्या हृदयाला जागा ठेवली नाही. त्याच दिवशी संध्याकाळी पाकिस्तानी हवाई दलाच्या तीन सेबर विमानांनी भारताच्या हलवारा तळावर हल्ला केला. तिघांपैकी एकच वैमानिक परत गेला. त्याचं नाव सेसिल चौधरी, धर्माने ख्रिस्ती. पाकिस्तानने त्याला 'सितारा-ए-जुर्रत' हे शौर्यपदक दिलं. हे नाव समासात लिहून ठेवा. अध्यक्षांच्या त्या दिवशीच्या वाक्यात न मावणारा माणूस त्याच दिवशी त्या देशासाठी मरणाच्या दारात जाऊन आला होता.

शास्त्रींच्या भाषणात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती त्यांची रीत. 'आपल्या देशात सर्वधर्मसमभाव आहे' असं विधान करून ते थांबले असते, तर भाषण विरून गेलं असतं. त्यांनी व्यासपीठावरच्या माणसांकडे बोट दाखवलं, नावं घेतली. मग त्यांनी म्हटलं की आपल्याकडे मंदिरं आहेत, मशिदी आहेत, गुरुद्वारे आणि चर्च आहेत, पण हे आपण राजकारणात आणत नाही; राजकारणापुरतं बोलायचं तर आपल्यातला प्रत्येक जण दुसऱ्याइतकाच भारतीय आहे. रणांगणावरून आलेला पुरावाही त्यांच्या पाठीशी होता. १० सप्टेंबरला खेमकरण भागात रणगाडे टिपताना अब्दुल हमीद धारातीर्थी पडले होते. १६ सप्टेंबरला चविंडाच्या लढाईत 'पूना हॉर्स'चे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर पडले: मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले पारशी. त्यांचे पूर्वज शिवाजी महाराजांच्या सेवेत होते असं घराण्यात सांगितलं जाई. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

पण वाचकाने इथेही थांबू नये. शास्त्रींची यादी पुन्हा बघा: ती धर्मांची आहे, भाषांची किंवा प्रदेशांची नाही. त्याच वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत तमिळ प्रदेशात हिंदीविरोधी आंदोलन भडकलं होतं आणि इंग्रजी चालू राहील असं आश्वासन स्वतः शास्त्रींना ११ फेब्रुवारीला रेडिओवरून द्यावं लागलं होतं. मग सप्टेंबरच्या यादीत भाषा का नाही? कारण समोरच्याने लढा धर्माचा आहे असं म्हटलं होतं. युद्धात राष्ट्राची ओळख बहुतेक वेळा शत्रूच्या दाव्याला उत्तर म्हणून मांडली जाते. म्हणून एका बाजूचं भाषण अभ्यासायला घेतलंत की दुसऱ्या बाजूचं त्याच आठवड्यातलं भाषणही शोधा. एकटं वाचलं तर यादीतल्या गाळलेल्या जागांचं कारण उमगत नाही.

पायरी ५: पूर्वज कोणते बोलावले

संकटात प्रत्येक वक्ता इतिहासाला हाक मारतो. नावांची यादी करा आणि ती कोणाची आहे ते बघा.

यासाठी स्टालिनची १९४१ ची दोन भाषणं शेजारी ठेवून वाचावीत. २२ जूनला जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केलं. ती बातमी देशाला परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हने सांगितली. स्टालिन बोलला ३ जुलैला, आणि सुरुवात केली ती अशी: कॉम्रेड्स, नागरिकहो, बंधूंनो आणि भगिनींनो! पक्षाच्या भाषेत इतकी वर्षं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी नात्याचा शब्द आला होता. त्या भाषणात, शत्रू कोणाकोणाची संस्कृती आणि राज्यं नष्ट करू पाहतो हे सांगताना त्याने एकेका समाजाचं नाव घेतलं: रशियन, युक्रेनी, बेलारूसी, लिथुआनियन, लाटव्हियन, एस्टोनियन, उझबेक, तातार, मोल्डाव्हियन, जॉर्जियन, आर्मेनियन, अझरबैजानी.

चार महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला, जर्मन सैन्य मॉस्कोच्या जवळ आलेलं असताना तो लाल चौकात बोलला. तिथून सैनिक थेट आघाडीवर जात होते. या वेळी त्याने आठवण करून दिली ती अलेक्झांडर नेव्हस्की, दिमित्री दोन्स्कोय, मिनिन, पोझार्स्की, सुवोरोव्ह आणि कुतुझोव्ह यांची. सगळे रशियाच्या इतिहासातले. झारचे सेनापतीसुद्धा लेनिनच्या झेंड्याखाली आले, पण उझबेकांचा किंवा जॉर्जियनांचा एकही वीर आला नाही. बोलणारा स्वतः जॉर्जियन होता. जुलैच्या यादीत अनेक समाज होते, नोव्हेंबरच्या यादीत एकाच समाजाचे पूर्वज. संकट गहिरं होतं तसा राष्ट्राचा चेहरा बहुसंख्याकांच्या चेहऱ्याकडे झुकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

या दोन भाषणांच्या मधली एक तारीखही टिपून ठेवा: २८ ऑगस्ट १९४१. त्या दिवशीच्या हुकमाने व्होल्गाकाठचे जर्मन, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले सोव्हिएत नागरिक, सामूहिकरीत्या सायबेरियाकडे आणि कझाकस्तानात हाकलले गेले. जुलैच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पण यादीत नाव असणं म्हणजेही अभय नव्हतं. मे १९४४ मध्ये क्रिमियातल्या तातारांना एकगठ्ठा हद्दपार करण्यात आलं.

मराठी वक्तृत्वाला हे लागू पडतंच. चीनने हल्ला केल्यावर, १९६२ च्या नोव्हेंबरात, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य घराघरांत पोचलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दिल्लीविषयीची कटुता ताजी असताना या एका प्रतिमेने प्रादेशिक अभिमान आणि राष्ट्रनिष्ठा यांना एका बाजूला उभं केलं. कुणाचाही द्वेष न करता ओळख रुंद कशी करावी हे शिकायचं असेल, तर हे वाक्य फळ्यावर लिहून त्यावर वर्गात तासभर बोलता येईल.

पायरी ६: शत्रू म्हणून कोणाचं नाव घेतलं

राजवट, सैन्य की माणसं? चर्चिल ४ जूनला गेस्टापोबद्दल, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांबद्दल, आणि नाझी राजवटीच्या घृणास्पद यंत्रणेबद्दल बोलतात. स्टालिनने फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात लिहिलं की हिटलर येतात आणि जातात, जर्मन जनता मात्र राहते. इंदिरा गांधींनी १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यातल्या शरणागतीची बातमी लोकसभेत दिली तेव्हा आपली उद्दिष्टं मर्यादित होती असं सांगितलं, गरजेपेक्षा जास्त काळ आपलं सैन्य बांगलादेशात राहणार नाही असं म्हटलं आणि युद्धकैद्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे वागवलं जाईल अशी हमी दिली. विजयाच्या क्षणी स्वतःवर घातलेली मर्यादा हे माझ्या मते त्या भाषणाचं सर्वांत मोठं बळ आहे. 'ढाका आता स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी आहे' ही ओळ उद्धृत करणाऱ्यांनी मर्यादेचा भागही उद्धृत करायला हवा.

पायरी ७: वाईट बातमी शोधा

भाषणात कबूल केलेलं नुकसान एका रंगाने आणि दिलेला धीर दुसऱ्या रंगाने रंगवा.

जर्मन सैन्याने कोंडलेले ३,३८,००० हून अधिक सैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून समुद्रमार्गे परत आले होते. ब्रिटनमध्ये आनंदाचं वातावरण होतं. अशा वेळी चर्चिल यांनी संसदेला सांगितलं, की माघार घेऊन युद्धं जिंकली जात नाहीत. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये जे घडलं त्याला त्यांनी प्रचंड लष्करी संकट म्हटलं. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून ३०,००० हून अधिक माणसं आणि जवळपास १,००० तोफा गमावल्याचं सांगितलं. किनाऱ्यांवर लढण्याचं ते वाक्य यानंतर, अगदी शेवटी येतं. आधी हिशेब मांडला म्हणून शेवटच्या प्रतिज्ञेला वजन आलं. वक्तृत्व स्पर्धेत फक्त शेवटचा परिच्छेद आवेशाने म्हणणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो, की आधीचे आकडे पाठ करा, ते शांत आवाजात सांगा, मग प्रतिज्ञेला आरडाओरड लागत नाही.

याच्या उलट टोकाला जपानच्या सम्राटाचं निवेदन आहे. दोन शहरांवर अणुबॉम्ब पडल्यानंतर त्यात म्हटलं होतं, की युद्धाची परिस्थिती जपानला अनुकूल अशीच घडली आहे असं नाही. 'शरणागती' हा शब्दच त्यात नव्हता.

वाईट बातमी देतानाही सीमा कशी आखली जाते याचं आपल्याच घरातलं, दुखरं उदाहरण आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये ईशान्य सीमेवरचं बोमडिला चीनच्या हाती पडल्यावर पंडित नेहरू रेडिओवर बोलले आणि आसामच्या लोकांबद्दल त्यांनी मनापासून कळवळा व्यक्त केला. दिल्लीत ती सहानुभूती वाटली. चिनी सैन्य जवळ येत असल्याच्या बातम्या ऐकणाऱ्या आसामी माणसाला तो निरोप वाटला. ज्याच्याबद्दल कळवळा वाटतो तो 'आपण'मध्ये असतो की बाहेर, हा प्रश्न आसामच्या राजकारणात पुढे अनेक दशकं विचारला गेला. नेहरूंच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण देशाच्या मध्यातून उच्चारलेलं वाक्य काठावर वेगळं ऐकू येतं, म्हणून भाषण निदान एकदा तरी काठावर बसून वाचावं.

पायरी ८: काठावरच्या माणसांचं पुढे काय झालं

ही पायरी भाषणाच्या कागदाबाहेरची आहे, आणि बहुतेक अभ्यास तिच्याआधीच संपतात. पायरी ४ मध्ये समासात मारलेल्या फुल्या घ्या. ज्या गटांना 'आपण'मध्ये जागा नव्हती किंवा अर्धीच होती, त्यांच्या बाबतीत पुढच्या महिन्यांत कोणते कायदे, हुकूम, अटका झाल्या ते शोधा.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीचं, ८ डिसेंबर १९४१ चं छोटं भाषण वाचा. त्यात दोष जपानच्या साम्राज्याला दिला आहे, जपानी वंशाच्या अमेरिकनांविषयी वाईट शब्द नाही. पण १९ फेब्रुवारी १९४२ ला त्यांनीच कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली आणि जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक माणसांना छावण्यांत टाकलं गेलं. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक होते. कागदावर भाषण निर्दोष असलं तरी ही पायरी का लागते, ते इथे कळतं.

चर्चिल यांच्या ४ जूनच्याच भाषणात, गाजलेल्या ओळींच्या थोडं आधी, एक उतारा आहे. शत्रुदेशांतून आलेल्या परकीयांवर कडक उपाय योजले आहेत असं सांगून ते म्हणतात, की यांच्यातले पुष्कळ जण नाझी जर्मनीचे कट्टर वैरी आहेत हे मला माहीत आहे, मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, पण या घडीला हवा तेवढा भेद करत बसणं शक्य नाही. हिटलरपासून पळून आलेले ज्यू निर्वासितही त्या वेळी ब्रिटनमध्ये अटकेत पडले.

भारतीय वाचकाने चर्चिल यांच्या 'आम्ही'चा पाठपुरावा स्वतःच्या बाजूने करायलाच हवा. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. डंकर्कच्या वाळूवर रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचर तुकड्यांचे जवान होते, बहुतेक पंजाबी मुसलमान. चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये काढलेल्या अटलांटिक सनदेत लोकांना आपली राजवट निवडण्याचा हक्क मान्य झाला आणि सप्टेंबरमध्ये चर्चिल यांनी संसदेत स्पष्ट केलं की ते कलम नाझींच्या ताब्यातल्या युरोपीय देशांना उद्देशून आहे, भारताचा प्रश्न वेगळा. पुढच्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते तुरुंगात गेले. १० नोव्हेंबर १९४२ ला, इजिप्तमधल्या एल अलामीनच्या विजयानंतर, चर्चिल म्हणाले की साम्राज्य मोडीत काढण्यासाठी मी पंतप्रधान झालेलो नाही. लढताना 'आम्ही'त सामावलेला भारत हक्कांची वेळ आल्यावर बाहेर होता. चर्चिल यांच्या धैर्याचा मला आदर आहे आणि हे सत्यही मला तितक्याच ठळकपणे शिकवावंसं वाटतं.

१९६५ कडे वळू. पाकिस्तानात युद्धकाळातच शत्रुसंपत्तीचे आदेश निघाले आणि पूर्व पाकिस्तानातल्या हिंदू कुटुंबांच्या जमिनी त्यांखाली जाऊ लागल्या. बांगलादेश झाल्यावरही तो कायदा नाव बदलून टिकला. लाहोर वाचवायला ईस्ट बंगाल रेजिमेंटचे बंगाली सैनिक लढत होते आणि त्यांचा स्वतःचा प्रांत जवळपास उघडा होता. फेब्रुवारी १९६६ मध्ये लाहोरमध्येच शेख मुजीबुर रहमान यांनी सहा कलमी कार्यक्रम मांडला. त्यातलं सहावं कलम पूर्वेकडच्या स्वतःच्या निमलष्करी दलाविषयी होतं. एका भाषणाने देश फुटत नाही, पण ६ सप्टेंबरच्या 'दहा कोटीं'त आपण नक्की कुठे आहोत, हा बंगाली माणसाचा प्रश्न त्या युद्धाने धारदार केला.

भारतालाही हीच फूटपट्टी लावा. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांची इथली मालमत्ता सरकारी अभिरक्षकाकडे गेली, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने, वारस भारतीय नागरिक असला तरी त्याचा हक्क नाकारला. १९६२ मध्ये सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, ज्यांतल्या अनेकांचा जन्म भारतातला होता, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. स्वतःच्या देशाच्या बाबतीत ही पायरी गाळली तर आधीच्या सातही फुकट गेल्या असं समजा.

एक पान लिहा

आता टिपणं बाजूला ठेवून एकच पान लिहा. पहिल्या परिच्छेदात तारीख, जागा, श्रोते आणि युद्धस्थिती. दुसऱ्यात 'आपण'ची सीमा, भाषणातल्या किमान तीन वाक्यांच्या आधाराने. तिसऱ्यात वक्त्याने लोकांना सांगितलेलं आणि त्यांच्यापासून राखून ठेवलेलं सत्य. चौथा आणि सर्वांत मोठा परिच्छेद काठावरच्या एका गटाचा, नावं आणि तारखांसह. वक्ता थोर की खोटारडा, हा निवाडा लिहू नका. चारही परिच्छेद नीट झाले असतील तर वाचक तो स्वतः करतो.

सरावासाठी पहिलं भाषण नेहरूंचं, चिनी हल्ल्यानंतरचं रेडिओवरचं, २२ ऑक्टोबर १९६२ चं घ्या. मराठी वर्तमानपत्रांचे त्या आठवड्याचे अंक मुंबई-पुण्याच्या जुन्या ग्रंथालयांत बघायला मिळाले तर तेही शेजारी ठेवा. वर्गात घेत असाल तर मुलांचे दोन गट करा: एकाने दिल्लीचा श्रोता म्हणून वाचावं, दुसऱ्याने आसामातल्या तेजपूरचा म्हणून.

चालू काळातल्या संघर्षातलं भाषण हाती घ्यायचं असेल, तर दूरचित्रवाणीवरच्या तुकड्यांवरून काही लिहू नका. सरकारी पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) संकेतस्थळावर पूर्ण मजकूर येईपर्यंत थांबा. पहिल्या सात पायऱ्या त्याच दिवशी करता येतात. आठव्यासाठी काठावरच्या दोन-तीन गटांची नावं वहीत लिहून ठेवा, आणि महिन्याभराने, मग सहा महिन्यांनी, त्या नावांपुढे कोणते हुकूम निघाले, कोणाला अटक झाली, कोणाला सोडलं, ते भरत जा.